छत्तीस गुण आणि अकरावे गुणसूत्र

तुळशीचे लग्न लागले की घरोघरी पत्रिकांची देवाणघेवाण सुरू होते. मुलाचे शिक्षण, मुलीची नोकरी, घर, माणसे, चालीरीती यांची चौकशी होते. गोत्र एक नाही ना, हे पाहिले जाते. मग गुणमेलन होते. छत्तीसपैकी अठराच्या वर गुण जुळले की वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागते. एकनाडी निघाली की त्याच चेहऱ्यांवर चिंता उमटते. कारण अष्टकूटातील आठ गुण एकट्या नाडीचे, आणि नाडीचा संबंध संततीशी जोडण्याची परंपरा आहे. येणारी पिढी निरोगी निपजावी, ही त्यामागील इच्छा अत्यंत स्वाभाविक आणि आदरणीय आहे. प्रश्न एवढाच आहे की, ज्या गोष्टीवर त्या पिढीचे आरोग्य प्रत्यक्ष अवलंबून असते, ती गोष्ट या सर्व चौकशीत कोठे तपासली जाते काय?

याचे उत्तर बहुतेक घरांत 'नाही' असेच येते. भारतात दरवर्षी दहा हजारांच्या आसपास बालके थॅलसेमिया मेजर हा गंभीर रक्तविकार घेऊन जन्माला येतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. सिकलसेल या दुसऱ्या रक्तविकाराची झळ मध्य भारतातील वनवासी समाजाला आणि विदर्भातील अनेक समाजघटकांना पिढ्यान्‌पिढ्या बसत आली आहे. या बालकांचे आईवडील बहुधा स्वतः ठणठणीत असतात. त्यांच्या विवाहात गोत्र पाहिलेले असते, गुणही जुळलेले असतात. जे पाहायचे राहिले, ते होते त्यांच्या अकराव्या गुणसूत्रावरील एक लहानसे जनुक.

निसर्गाची वाटणी

मानवी शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. ही संख्या निर्विवादपणे निश्चित झाली ती १९५६ साली. जो हिन त्जियो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमध्ये केलेल्या कामातून ती पुढे आली; तोपर्यंत कित्येक दशके पाठ्यपुस्तके ४८ हा आकडा शिकवीत होती. या ४६ गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातेकडून आणि एक पित्याकडून येते. बीजांड आणि शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र पुढे जाते. कोणत्या जोडीतून कोणते जाईल, याची निवड निव्वळ योगायोगाने होते. त्यामुळे एकाच व्यक्तीच्या जननपेशींत गुणसूत्रांच्या ८३ लाखांहून अधिक वेगवेगळ्या जुळण्या संभवतात. सख्खी भावंडेही रूपाने आणि स्वभावाने इतकी भिन्न का असतात, याचे मूळ या वाटणीत आहे.

या वाटणीचे नियम ग्रेगोर मेंडेल या ब्रनो येथील मठवासी संशोधकाने वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून शोधले आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. जगाने त्यांची दखल घेतली ती १९०० साली, मेंडेल यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. त्यांचा सर्वांत महत्त्वाचा सिद्धान्त असा की, प्रत्येक गुणाचे दोन घटक असतात आणि त्यातला एक घटक दुसऱ्याला झाकून टाकू शकतो. झाकला गेलेला घटक नष्ट होत नाही. तो मुकाट्याने पुढच्या पिढीत जातो आणि तसाच दुसरा घटक भेटला की प्रकट होतो. प्रकट होणाऱ्यास प्रभावी आणि झाकल्या जाणाऱ्यास अप्रभावी म्हणतात.

रक्ताला लाल रंग देणारे आणि शरीरभर प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन चार साखळ्यांनी बनलेले असते. त्यांपैकी बीटा नावाच्या दोन साखळ्यांचा आराखडा अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेला असतो. या आराखड्यात एका अक्षराची चूक झाली की बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते. व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७ साली हे दाखवून दिले. एवढ्याशा बदलाने प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनच्या काड्या बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदनांचे झटके सुरू होतात. हा सिकलसेल. थॅलसेमियात साखळी वाकडी नसते; ती पुरेशी तयारच होत नाही. बाळ सहा महिन्यांचे ते दोन वर्षांचे होईपर्यंत फिकट पडू लागते आणि त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते. त्या रक्तातील लोह हृदय, यकृत आणि अंतःस्रावी ग्रंथींत साठते. ते काढण्यासाठी आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात.

हे दोन्ही विकार अप्रभावी आहेत. एकच सदोष जनुक असलेल्या व्यक्तीस वाहक म्हणतात. वाहक सर्वसाधारणपणे निरोगी असतो. तो शिकतो, खेळतो, कष्ट करतो, दीर्घायुषी होतो. एक वाहक आणि एक अवाहक यांच्या संसारात या विकाराचे मूल जन्मत नाही. दोघेही वाहक असतील, तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल बाधित असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णपणे मुक्त असण्याची २५ टक्के असते. येथे एक गैरसमज फार घातक ठरतो. 'पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन निरोगी होतील' असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात. मागच्या दानाची त्यांना आठवण नसते.

गोत्र काय पाहते, काय पाहत नाही

निकटच्या रक्तसंबंधात विवाह नको, हा विचार भारतीय समाजाने फार प्राचीन काळी स्वीकारला. याज्ञवल्क्य स्मृतीने सापिंड्याची मर्यादा पित्याकडून सात आणि मातेकडून पाच पिढ्यांपर्यंत मानली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती अनुक्रमे पाच आणि तीन पिढ्यांवर आणली. सूक्ष्मदर्शकाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी हे शहाणपण येथे रुजले, याचा अभिमान वाटण्यात गैर काही नाही.

परंतु अभिमानाच्या भरात या व्यवस्थेच्या माथी नसलेले विज्ञान मारणेही योग्य नाही. अलीकडे व्याख्यानांतून आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांतून एक युक्तिवाद वारंवार केला जातो. वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जाते, गोत्रही तसेच जाते. म्हणून गोत्र ही वाय गुणसूत्राची नोंदवही होय आणि सगोत्र विवाहाच्या निषेधाने त्या गुणसूत्राचे रक्षण होते, असे सांगितले जाते. यातील पहिला भाग आकर्षक आहे, दुसरा चुकीचा. स्त्रीला वाय गुणसूत्र नसतेच. त्यामुळे वधू कोणत्याही गोत्रातून आणली तरी पुत्राला पित्याचेच वाय गुणसूत्र मिळणार. सगोत्र निषेधाचा लाभ असेल तर तो उरलेल्या २२ जोड्यांना होतो. कारण त्यामुळे पितृकुळातील जवळचे नातेवाईक विवाहबंधनात येत नाहीत.

मातृकुळाचे काय? तेथे गोत्राची नजर पोहोचत नाही. मामाच्या मुलीचे गोत्र वेगळे असते, म्हणून गोत्राच्या कसोटीवर ती सहज उत्तीर्ण होते. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामेबहिणीशी विवाह पूर्वापार रूढ आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात उत्तर आणि दक्षिण यांच्या विवाहपद्धतींतील भेद मांडताना महाराष्ट्राचे हे मधले स्थान नोंदविले आहे. जनुकशास्त्राच्या दृष्टीने मामेबहीण आणि चुलत बहीण यांत काडीचाही फरक नाही. दोघींशीही सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. आजोबा वाहक असतील, तर त्यांचे जनुक मुलामार्फत नातीकडे आणि मुलीमार्फत नातवाकडे पोहोचून त्यांच्या संसारात पुन्हा एकत्र येऊ शकते. जन्मजात विकाराचा जो धोका सर्वसामान्य जोडप्यांत दोन ते तीन टक्के मानला जातो, तो अशा विवाहांत सुमारे दुपटीने वाढतो.

दुसरी अडचण अधिक व्यापक आहे. लहान समाजगटात पिढ्यान्‌पिढ्या आपसातच विवाह होत राहिले की एखादे सदोष जनुक त्या गटात साठत जाते. साधा हिशेब पुरेसा आहे. पंचवीस माणसांत एक वाहक असेल, तर सहाशे पंचवीस जोडप्यांत एक जोडपे दोन्ही बाजूंनी वाहक निघेल. दहा माणसांत एक वाहक असेल, तर शंभरातच असे एक जोडपे निघेल. वाहकांचे प्रमाण अडीचपट वाढले, तर धोका सहापटीहून अधिक वाढतो. ज्यांना जातीच्या चौकटीबाहेरील विवाह केवळ सामाजिक समरसतेचा विषय वाटतो, त्यांनी या गणिताकडेही पाहावे. जातिनिहाय रक्तशुद्धीचा अभिमान बाळगणाऱ्यांना तर या गणितात आधार सापडणे कठीण आहे.

नाडीबद्दलही एक खुलासा आवश्यक आहे. एकनाडी म्हणजे एकच रक्तगट, अशी समजूत सुशिक्षित मध्यमवर्गातही आढळते आणि चांगली स्थळे त्यापायी हातची जातात. पतिपत्नींचा रक्तगट एक असणे संततीस मुळीच अपायकारक नाही. लक्ष ठेवावे लागते ते पत्नी आरएच निगेटिव्ह आणि पती आरएच पॉझिटिव्ह असेल तेव्हा. आणि त्यावरही अँटी-डी इंजेक्शनचा उत्तम उपाय उपलब्ध आहे. रक्तगटाचा थॅलसेमियाशी किंवा सिकलसेलशी काही संबंध नाही. रक्तगट पाहून 'रक्त तपासले' असे समाधान मानणे ही आत्मवंचना ठरते.

दोष कोणाचा?

आनुवंशिकतेचे अज्ञान समाजात सर्वाधिक महागात पडले ते स्त्रीला. मुलगी झाली की सुनेला बोल लावायचा, ही रीत कित्येक घरांत अजूनही संपलेली नाही. वस्तुतः माता प्रत्येक अपत्याला एक्स गुणसूत्रच देते. एक्स द्यायचे की वाय, हे पित्याच्या शुक्राणूवर ठरते. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकी संशोधिकेने १९०५ साली किड्यांवरील अभ्यासातून हे दाखविले. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी शाळेत दहा गुणांसाठी पाठ केलेले हे सत्य प्रसूतिगृहाच्या दारात विसरले जाते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील एक हजार मुलांमागे मुलींची संख्या अवघी ८९४ भरली, ही या विस्मरणाची फलश्रुती होय.

रक्तविकाराच्या बाबतीत हाच अन्याय दुसऱ्या रूपाने होतो. मूल थॅलसेमियाचे निघाले की 'हिच्या माहेरचा रोग आला' असे म्हटले जाते. पण एकट्या मातेचे जनुक मूल आजारी पाडू शकत नाही. बाधित मुलाला एक सदोष जनुक पित्याकडून आणि एक मातेकडून मिळालेले असते. वाटा निम्मा-निम्मा असताना दोष एकीच्या पदरात टाकणे, हे शास्त्रालाही धरून नाही आणि धर्मालाही.

मुळात 'दोष' हा शब्दच येथे तपासून घ्यावा लागतो. सिकलसेलचा वाहक असलेल्या मुलाला फाल्सिपेरम जातीच्या घातक मलेरियापासून लक्षणीय संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासातून सिद्ध केले. म्हणजे हे जनुक टिकले ते त्याने कित्येक पिढ्यांत माणसे वाचविली म्हणून. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट येथील अरण्यांत मलेरियाशी झुंज देत जगलेल्या पूर्वजांची ती खूण आहे. तीच गोष्ट थॅलसेमियाची. देशात या जनुकाचे वाहक सुमारे तीन ते चार टक्के आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली आदी समाजांत हे प्रमाण अधिक आढळते. फाळणीत सर्वस्व गमावून उल्हासनगरच्या छावणीत आलेल्या सिंधी बांधवांनी उद्यमाने आपले जीवन पुन्हा उभारले. त्यांच्या रक्तातील हे जनुकही सिंधच्या भूमीचा वारसाच होय. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. शिवाय प्रत्येक माणूस कोणती ना कोणती सदोष अप्रभावी जनुके अंगी बाळगून असतो. निखळ निर्दोष जनुकांचा माणूस अद्याप जन्माला आलेला नाही.

तपासणी हवी, बहिष्कार नको

विवाहपूर्व तपासणीवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि त्याची टवाळी करणे उचित नाही. तपासणीत मुलगी वाहक निघाली, तर तिचे लग्नच जमणार नाही, अशी भीती आईवडिलांना वाटते. ही भीती निराधार नाही. अमेरिकेत सत्तरच्या दशकात सिकलसेलच्या तपासण्या घाईने सुरू झाल्या. वाहक आणि रुग्ण यांतील फरक लोकांना समजावून दिला गेला नाही. परिणामी निरोगी कृष्णवर्णीय तरुणांना विमा आणि नोकऱ्या यांत भेदभाव सोसावा लागला. तेथील वायुसेना अकादमीने तर १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश नाकारला. समजावणीविना केलेली तपासणी समाजात नवी अस्पृश्यता निर्माण करते, हा त्यातील धडा आहे.

याउलट उदाहरण सायप्रस या छोट्या बेटाचे. तेथे सुमारे दर सात माणसांमागे एक थॅलसेमियाचा वाहक. सत्तरच्या दशकात तेथे जनजागृती आणि तपासणी सुरू झाली. १९८३ पासून तेथील ऑर्थोडॉक्स चर्चने विवाहापूर्वी तपासणी आणि समुपदेशनाचे प्रमाणपत्र आवश्यक केले. चर्चने विवाहास बंदी घातली नाही. निर्णय जोडप्यावरच सोपविला. बहुसंख्य जोडप्यांनी लग्न मोडले नाही. त्यांनी गर्भावस्थेतील निदानाचा मार्ग स्वीकारला आणि थॅलसेमियाग्रस्त बालकांचे जन्म तेथे जवळजवळ थांबले. वैज्ञानिकांनी ज्ञान दिले आणि धर्मसंस्थेने ते घराघरांत पोहोचविले. भारतातील मठ, मंदिरे, ज्ञातिसंस्था, वधूवर सूचक मंडळे आणि पुरोहितवर्ग यांना हे का साधू नये?

भारतात कायद्याची अडचण नाही. गर्भलिंगनिदानास बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानेच हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांचे गर्भावस्थेतील निदान करण्यास मुभा ठेवली आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, वाहकांना जनुकीय स्थितीची कार्डे आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचे उच्चाटन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. शासनाने पाऊल टाकले आहे. आता जबाबदारी समाजाची. वनवासी पाड्यावरील युवकाच्या हाती हे कार्ड असेल आणि शहरातील अभियंत्याला थॅलसेमियाच्या तपासणीचे नावही ठाऊक नसेल, तर मागासलेले कोणास म्हणावे?

तपासणी अवघड मुळीच नाही. एकदाच थोडे रक्त द्यायचे. नेहमीच्या रक्तगणनेत तांबड्या पेशींचा आकार लहान आढळला, तर एचपीएलसी ही चाचणी करतात. त्यात ए-टू हिमोग्लोबिनचे प्रमाण साडेतीन टक्क्यांहून अधिक निघाल्यास ती व्यक्ती बहुधा थॅलसेमियाची वाहक असते. सिकलसेलही याच चाचणीत कळतो. जनुके बदलत नसल्याने ही तपासणी आयुष्यात एकदा केली की पुरते. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकांवर होणाऱ्या खर्चापुढे तिचा खर्च किरकोळ आहे. कित्येक स्त्रियांना 'रक्त कमी आहे' म्हणून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. त्यांतील काहींचे खरे कारण थॅलसेमियाचे वाहकत्व असते, हेही यातून उघड होते.

मात्र वेळ आणि रीत या दोन गोष्टी सांभाळल्या पाहिजेत. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी केलेली तपासणी घराघरांत तणाव निर्माण करते. ती महाविद्यालयीन वयातच व्हावी. मुलाची आणि मुलीची, दोघांचीही व्हावी. निष्कर्ष त्या व्यक्तीच्याच हाती राहावा. वाहक तरुणाला किंवा तरुणीला एवढेच ठाऊक हवे की, जोडीदाराचीही तपासणी करून घ्यायची आहे. जोडीदार वाहक नसेल तर प्रश्नच संपला. असेल तर निर्णय दोघांनी, तज्ज्ञांचा सल्ला घेऊन, डोळे उघडे ठेवून करावा. पत्रिका पाहणाऱ्यांनी ती सोडून द्यावी, असा आग्रह येथे नाही. पत्रिकेच्या जोडीने हा कागदही पाहावा, एवढीच मागणी आहे.

गावोगावी रक्तदान शिबिरे भरविणारे कार्यकर्ते या कामाचे स्वाभाविक वाहक ठरू शकतात. शिबिरात गोळा होणाऱ्या रक्ताच्या कित्येक पिशव्या थॅलसेमियाग्रस्त बालकांनाच दिल्या जातात. ते रक्त देणे हे पुण्यकर्म आहेच. त्या शिबिरात येणाऱ्या प्रत्येक अविवाहित तरुणाला या तपासणीची माहिती देणे आणि जेथे शक्य तेथे ती करवून घेणे, हे त्याच पुण्यकर्माचे पुढचे पाऊल होय. महिन्याला एक बाटली रक्त मिळवून देणारा समाज नक्कीच दयाळू म्हणावा. पण त्या बाटलीची गरजच भासू नये अशी व्यवस्था करणारा समाज अधिक दूरदर्शी म्हणावा लागेल.

सापिंड्याचे नियम घालून देणाऱ्या पूर्वजांनी त्यांच्या काळातील सर्वोत्तम ज्ञान पुढच्या पिढीच्या कल्याणासाठी वापरले. त्यांचा खरा वारसा चालवायचा तर आजच्या काळातील सर्वोत्तम ज्ञान आजच्या वधूवरांसाठी वापरले पाहिजे. छत्तीस गुण पाहताना अकराव्या गुणसूत्राची चौकशी करणारे घर ती परंपरा सोडत नाही. उलट एक पाऊल पुढे नेते.